सशासाठी बोथट बाण

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणाच्या अठराव्या अध्यायात, आयुधागाराच्या अध्यक्षाने कोठारात काय काय ठेवावे याची यादी आहे. धनुष्ये ताडाची, बांबूची, इतर लाकडांची आणि शिंगाची. दोऱ्या मोरवेलीच्या, रुईच्या, तागाच्या, जनावराच्या स्नायूच्या. पुढे बाणांची तोंडे येतात आणि तिथे कौटिल्य त्यांची तीन कामे सांगतो : कापणे, भेदणे आणि ठोकणे. ही तोंडे लोखंडाची, हाडाची किंवा लाकडाची असावीत, असेही तो नोंदवतो. प्रा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत हा भाग कोणालाही पाहता येईल.

कापणाऱ्या आणि भेदणाऱ्या बाणांनी आपले वाङ्मय भरलेले आहे. चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधर पद्धतीत बाणाच्या फाळांची नावे येतात : आरामुख, क्षुरप्र, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, काकतुंड. कोणता फाळ ढाल फोडतो, कोणता धनुष्य तोडतो, कोणता मान उडवतो, हे त्यात सांगितले आहे. सगळा विचार रणांगणाचा. ठोकणाऱ्या, म्हणजे बोथट तोंडाच्या बाणाचे नाव तिथे कोणी कौतुकाने घेत नाही. तरीही माणसाच्या रोजच्या जेवणाशी ज्या बाणाचा संबंध आला, तो बराचसा हाच, असे माझे मत आहे. धनुष्याने ससा, खार किंवा पक्षी मारायचा तर शिकाऱ्यांनी निरनिराळ्या खंडांत, एकमेकांना न विचारता, बोथट टोकच निवडले. त्याचे कारण सशाच्या अंगात आणि बाणाच्या चालीत आहे.

रुंद पात्याचा फाळ जनावराला रक्तस्रावाने मारतो. हरणाला तो लागला की ते काही अंतर धावते, रक्ताचा माग पडतो आणि शिकारी मागावर जातो. सशाचे गणित वेगळे. अमेरिकेतला कॉटनटेल जातीचा ससा वजनाला साधारण एक ते दीड किलो. त्याच्या हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम मुठीएवढा. सरावासाठी वापरतात तसला टोकदार बाण त्याच्या अंगातून आरपार जातो, मागे बारीकसे भोक राहते, केस आणि कातडी त्यावर सरकतात. जखमी सशाच्या अंगात बीळ गाठण्याइतकी ताकद उरते. तो आत जाऊन तासाभराने मरतो आणि कोणाच्याच हाती लागत नाही. रुंद पाते वापरले तर प्राणी मरतो खरा, पण पोट फाटून मांस नासते.

आता बाणाच्या अंगातल्या जोराचा हिशेब पाहू. बत्तीस ग्रॅमचा बाण साध्या लाकडी धनुष्यातून सेकंदाला ४५ मीटर वेगाने सुटला, तर त्याच्यात तीसेक ज्यूल ऊर्जा असते. टोकदार बाण त्यातली बरीच ऊर्जा स्वतःबरोबर पलीकडच्या मातीत घेऊन जातो. बोथट बाण सशाच्या अंगावर थांबतो आणि जवळजवळ सगळा जोर तिथेच सोडतो. डोक्याला किंवा छातीला लागला तर ससा जागच्या जागी पडतो. मात्र हा गुण जवळच्या नेमापुरताच आहे. पंधरा-वीस पावलांपलीकडे, हलक्या धनुष्याने, मागच्या पायावर बोथट बाण बसला तर हाड मोडते आणि जनावर लंगडत जाते. म्हणून बोथट टोक निवडणाऱ्याने अंतर राखायलाही शिकले पाहिजे. या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

इतक्या कामाच्या वस्तूची इतिहासात एवढी कमी नोंद का? उत्तर साधे आहे : लाकूड कुजते. गुजरातेतल्या लांघणज येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया यांनी चाळीसच्या दशकात उत्खनन सुरू केले, तेव्हा गारगोटीसारख्या दगडांची नखाएवढी सूक्ष्मास्त्रे मिळाली. अशी पाती डिंकाने कांडीला चिकटवून बाणाची टोके आणि दाते करत. कांडी गेली, डिंक गेला, दगड राहिला. बोथट बाणात दगड मुळातच नसतो, त्यामुळे त्याचे काहीच राहत नाही. संग्रहालयातल्या काचेमागे जो शिकारी आपल्याला दिसतो, तो म्हणूनच अर्धाच आहे.

जिथे लाकूड टिकते तिथे मात्र बोथट बाण सापडतो. डेन्मार्कमधल्या होल्मेगोर्ड येथील दलदलीत, हवा न पोचणाऱ्या पीट मातीत, आठ हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची एल्मची धनुष्ये मिळाली आणि त्यांच्याच काळातले बोंडासारख्या जाड तोंडाचे लाकडी बाणही. टोक वेगळे जोडलेले नाही. लाकूड तासताना पुढचे टोक मुद्दाम जाड ठेवले आहे. इजिप्तच्या कोरड्या हवेतही तसेच घडले. पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरने १९२२ मध्ये शोधलेल्या तुतांखामुन राजाच्या थडग्यातून शेकडो बाण निघाले. त्यांत धातूच्या टोकांबरोबर बोथट लाकडी टोकेही आहेत. राजाला पक्ष्यांच्या शिकारीचा शौक होता, आणि परलोकातही त्याला ती सोय हवी होती. सायबेरियात कारण जरा वेगळे : खार आणि सेबल यांची कातडी विकायची, तिला भोक पडले की भाव पडला. म्हणून तिथल्या शिकाऱ्यांनी हाडाची आणि लाकडाची जाड टोके वापरली.

या विषयातली सगळ्यात नेमकी साक्ष एका माणसाची आहे. २९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाच्या कत्तलखान्याजवळ एक उपाशी, एकटा माणूस सापडला. तो ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा जिवंत माणूस होता. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच्या लोकांचा संहार केला होता आणि उरलेली चार माणसे डोंगरकपारीत लपून जगली होती. बंदुकीचा आवाज करणे म्हणजे मरण, त्यामुळे धनुष्य हाच त्यांचा आधार. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणले आणि इशी हे नाव दिले. शेजारच्या रुग्णालयातले डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याचे मित्र झाले आणि त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले.

पोप यांनी जे पाहिले ते बारकाईने लिहून ठेवले. हरणासाठी इशी ज्वालाकाचेचा, म्हणजे ज्वालामुखीतून निघालेल्या काचेसारख्या दगडाचा, फाळ घडवी. हरणाच्या शिंगाच्या टोकाने काचेची कड दाबून एकेक कपची उडवी. लहान प्राण्यांसाठी मात्र तो हा खटाटोप करत नसे. कांडीचे टोक बोथटच ठेवून त्यावर ओल्या स्नायूचे तंतू गच्च गुंडाळी. स्नायू वाळला की आवळतो आणि टोक फुटत नाही. बाण दगडावर आपटला तरी पुन्हा वापरता येतो. सशाला बोलावण्याची त्याची रीतही पोप सांगतात : दोन बोटे ओठांना लावून तो जोराने चुंबनासारखा आवाज काढी, संकटात सापडलेल्या सशाच्या ओरडण्यासारखा. ससे जवळ येत, कधी रानमांजरही येई. पाश्चात्त्य स्पर्धेच्या लक्ष्यावर इशीचा नेम सामान्य ठरला, पण दहा-वीस यार्डांवरच्या सशावर तो सहसा चुकत नसे. दूर मारण्यापेक्षा जवळ जाणे त्याला जमत होते. २५ मार्च १९१६ रोजी तो क्षयाने गेला. पोप यांचे धनुष्यबाणाच्या शिकारीवरचे पुस्तक १९२३ मध्ये आले आणि अमेरिकेत हा छंद पुन्हा रुजला.

आज तिथे सशासाठी बाणाचे तोंड घ्यायला दुकानात गेले तर फळीवर कितीतरी प्रकार दिसतात. सपाट तोंडाचे पोलादी, रबरी, आणि चार तारांच्या स्प्रिंगचे, ज्यांना ज्यूडो म्हणतात. ज्यूडोची करामत पाहण्यासारखी आहे. टोकदार बाण गवतात शिरला की जमिनीला समांतर सरपटत जातो आणि हरवतो. ज्यूडोच्या बाहेर आलेल्या तारा गवताच्या काड्यांत अडकतात, बाण जागच्या जागी कोलांटी घेतो आणि पिसे वर करून उभा राहतो. लाकडी बाण वापरणारे अनेक जुने शिकारी .३८ काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी कांडीच्या टोकावर बसवतात. ती फुकटातली आणि मजबूत असते. मला विचाराल तर रबरी टोकापेक्षा ही पुंगळी सरस, कारण रबर स्वतःच दबून थोडा जोर गिळते. एक गोष्ट मात्र सगळ्यांना लागू आहे : सरावाचे टोक १२५ ग्रेनचे, म्हणजे आठ ग्रॅमचे असेल, तर शिकारीचेही तेवढ्याच वजनाचे घ्यावे, नाहीतर बाण वर-खाली जातो. झाडावरच्या खारीसाठी मोठ्या फुललेल्या पिसांचे बाण असतात. सुरुवातीला ते वेगाने जातात, मग पिसांना हवा अडते आणि तीस-चाळीस मीटरवर गळून पडतात. तिथल्या कायद्याने धनुष्यांवर आणि बाणांच्या सुट्या भागांवर विशेष कर बसतो आणि तो पैसा वन्यजीव संवर्धनाकडे जातो.

आपल्याकडे ठोकण्याचे काम गलोलीनेही केले. दोन दोऱ्यांचे धनुष्य, मध्ये छोटी गादी आणि त्यात मातीची भाजलेली गोळी : बाणाशिवायचा बोथट बाणच तो. फासेपारधी समाजाने फासे आणि वागुरा, म्हणजे जाळी, वापरल्या. त्या कसबाची दखल घेण्याऐवजी गुन्हेगार जमाती कायद्याचा बडगा त्यांच्यावर आला. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा त्यात लहान शिकारीचा परवाना होता. १९९१च्या दुरुस्तीने तो काढून टाकला. आपल्या माळावरच्या काळ्या मानेच्या सशाची शिकार आज गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे.

पण शिकार थांबली म्हणून ज्ञानही जाऊ द्यायचे नाही. भिल्ल, कोरकू, कातकरी घरांत आढ्याला अडकवलेला जुना तीरकामठा अजून सापडतो. त्याच्या भात्यात लाकडी जाड टोकाचा एखादा बाण असेल, तर तो मोडका म्हणून चुलीत घालू नका. कोणत्या झाडाचे लाकूड, कोणी तासला, कशावर मारत, टोक का जाड ठेवले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा. ठेवायला जागा नसेल तर पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयाला कळवा. फाळ लोखंडाचा असेल तर तो आपणहून टिकेल, पण लाकडाचे टोक आपण राखले नाही तर राहणार नाही.