अल्टरनेटर (मोटारगाडी)

अल्टरनेटर हे इंजिनाकडून पट्ट्याद्वारे गती घेऊन वीज निर्माण करणारे यंत्र होय. त्यातील प्रत्यावर्ती प्रवाह डायोडांमुळे एकदिश होतो व रेग्युलेटर विद्युतदाब मर्यादेत ठेवतो. १९६० च्या दशकापासून त्याने डायनॅमोची जागा घेतली. जुने चालक मात्र त्यालाही डायनॅमोच म्हणतात.

दोषाची ओळख

हेडलाइट मंदावणे, हॉर्नचा आवाज बसणे, पट्टा किंचाळणे व चालत्या गाडीत बॅटरीचा तांबडा दिवा पेटलेला राहणे ही प्रमुख लक्षणे होत. चावी फिरवताच हा दिवा लागला पाहिजे. न लागल्यास बल्बच गेलेला असू शकतो व मग इशारा मिळतच नाही. पुष्कळदा दोष बॅटरीच्या माथी मारला जातो. नवी बॅटरी येते आणि थोड्याच दिवसांत तीही उतरते.

मल्टिमीटरने ही शंका फिटते. बंद गाडीत चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना तो १३.८ ते १४.४ व्होल्ट व्हावा. तो वाढतच नसेल तर प्रथम पट्टा, तारांची टोके व अर्थिंग तपासावे. १५ व्होल्टच्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडलेला असतो व बॅटरीतील पाणी आटू लागते. चालू इंजिनात बॅटरीची तार काढून पाहण्याची रीत सर्रास आढळते. ती त्याज्य आहे, कारण दाब एकाएकी उसळून डायोड जळू शकतात.

बुलढाणा-मलकापूर मार्गावरील राजूर घाटासारख्या ठिकाणी रात्री हा बिघाड विशेष घातक ठरतो. केवळ दोन हेडलाइटच सुमारे १० अँपिअर प्रवाह ओढतात. लहान बॅटरी त्यांना फार काळ पुरत नाही. मारुती ८०० मध्ये पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर चालतो. म्हणून पट्टा तुटला असेल तर गाडी पुढे दामटू नये, इंजिन तापून निकामी होते.

बदलणे

केवळ कार्बन ब्रश झिजले असल्यास तेवढेच बदलून भागते. पूर्ण अल्टरनेटर बदलताना प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. अन्यथा जाड तारेला पाना लागून ठिणगी उडते. नंतर ताण देणारा बोल्ट सैल करून पट्टा, मग तारा व शेवटी मुख्य बोल्ट काढावा. नवा अल्टरनेटर उलट क्रमाने बसतो. पट्टा अंगठ्याने दाबल्यास साधारण १ सेंटिमीटर लवावा. फार ताणल्यास बेअरिंग लवकर जाते. अखेरीस हेडलाइट लावून दाब पुन्हा मोजावा. नवा पट्टा काहीसा सैल पडतो, तो काही दिवसांनी पुन्हा ताणून घ्यावा.