‘नॅनो’ : संज्ञा आणि तिचा विनियोग

काही दिवसांपूर्वी एका औषध-प्रतिनिधीने भस्माची कुपी पुढ्यात ठेवली. लेबलावर ठळक अक्षरांत ‘नॅनो भस्म’ असे छापलेले होते. कणांचे मापन विचारताच त्याने चिमूटभर भस्म बोटांच्या रेषांत भरून दाखविले. रेखापूर्णत्वाची परीक्षा उत्तम झाली. प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

‘नॅनो’ हा उपसर्ग ‘खुजा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. १ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. सामान्यतः ज्या कणाचे किमान एक परिमाण १ ते १०० नॅनोमीटर असते, त्यास ही संज्ञा लावतात. बोटावरील दोन रेषांमधील अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५ लाख नॅनोमीटर असते. नॅनोहून कितीतरी स्थूल चूर्णही त्यांत सहज भरते. वारितरत्वातही पाण्याच्या पृष्ठताणाचा वाटा असतो. या परीक्षा भस्माची सूक्ष्मता दर्शवितात आणि निरुत्थ, अपुनर्भव या परीक्षा धातूचे मारण पूर्ण झाले किंवा कसे, हे सांगतात. त्यांचे मोल निःसंशय मोठे आहे. परंतु नॅनोमीटर मोजणे हे त्यांचे कार्य नव्हे.

त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारखी साधने लागतात. क्ष-किरण विवर्तनाच्या अहवालातील आकडा बहुधा स्फटिकांशाचा असतो. असे अनेक स्फटिकांश एकत्र येऊन बनलेला प्रत्यक्ष कण मायक्रोमीटरचाही असू शकतो. म्हणून अहवालातील माप नेमके कशाचे, हे औषधनिर्मात्यांनी अवश्य विचारावे.

शिवाय ‘नॅनो’ म्हणजे निर्धोक, असाही अर्थ होत नाही. गोल कणाचा व्यास निम्मा झाला की तेवढ्याच वजनाचे पृष्ठफळ दुप्पट होते. त्यामुळे गुण वाढू शकतो, तसा दोषही. शोधन, मारण आणि मात्रा यांची जबाबदारी त्या एका शब्दाने हलकी होत नाही.

मापाची शिस्त आपणांस नवी नाही. कवडशात दिसणाऱ्या त्रसरेणूचे ३० परमाणू शार्ङ्गधरसंहितेने सांगितले आहेत. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमानुसार लेबलावरील दिशाभूल करणाऱ्या विधानामुळे आयुर्वेदीय औषधही ‘मिथ्याछाप’ ठरते. मापन नसेल तेथे ‘रेखापूर्ण, वारितर, निरुत्थ’ एवढेच लिहावे. ते सत्य आहे आणि आपल्या शास्त्रास पुरेसे भूषणावह आहे.