धिंगरी आळिंबी घरच्या घरी

औषधी आळिंबी घरी करता येईल का, असं बरेच जण विचारतात. येते. सुरुवात धिंगरीपासून करावी. तिच्यात प्रथिने व तंतू असतात, साखर व चरबी कमी, म्हणून मधुमेहाच्या पथ्याला ती चालते. पण हे पथ्य झालं, औषध नव्हे. चालू गोळ्या तिच्या भरवशावर सोडू नयेत.

सारी मदार काडावर. गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा त्याच हंगामातला, पावसात न भिजलेला घ्यावा. दोन-तीन इंचांचे तुकडे ८ ते १० तास साध्या पाण्यात भिजवावेत, मग ८० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तासभर बुडवावेत. इथं कंटाळा केला की हिरवी बुरशी धरते, आणि बियाण्याचे पैसे गेलेच समजा. निथळलेलं काड मुठीत दाबून बघा. तळव्याला ओल लागावी, थेंब पडू नये.

१ किलो ओल्या काडास २० ग्रॅम बियाणे थराथराने प्लास्टिक पिशवीत भरून तोंड बांधावे, भोके पाडावीत व अंधाऱ्या खोलीत ठेवावे. १५ ते २० दिवसांत काड पांढरे होते. मग पिशवी फाडून काढावी, रोज दोन-तीनदा पाणी फवारावे, हवा खेळती ठेवावी. कडा वर वळण्याआधी काढणी करा; उशीर झाला की बीजाणू उडतात, दमेकऱ्याला खोकला सुटतो.

बियाणे कृषी महाविद्यालयातून किंवा खात्रीच्या प्रयोगशाळेतून घ्यावे. बांधावरची छत्री आणून लावू नका, खाऊही नका. लसूण काळा पडला नाही म्हणजे ती बिनविषारी, हा समज साफ खोटा आहे.