सरकारी येणें व त्याच्या वसुलाचा खर्च

सुगी आटोपून माल घरांत आला आणि मार्च महिना जवळ येऊं लागला, कीं इस्लामपूरच्या कचेरींतून कृष्णा-वारणेच्या मधल्या गांवोगांवीं वसुलाची धांवपळ सुरू होते. शेतसारा, पाणीपट्टी, बिनशेती आकार, दंडाच्या जुन्या रकमा अशा नाना प्रकारच्या बाकीच्या याद्या निघतात, नोटिसा लागू होतात, आणि मग चावडीपुढें दरसाल तोच प्रश्न निघतो: एवढ्याशा रकमेपायीं सरकार जो खर्च करतें, तो भरून तरी निघतो काय? कोणी म्हणतो, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. दुसरा म्हणतो, आज एकास सोडलें तर उद्यां कोणीच भरणार नाहीं. दोन्ही म्हणणीं शेतकरी बंधूंनीं शांतपणें तोलून पाहण्याजोगीं आहेत. कारण या व्यवहारांत शेतकरी केवळ देणेकरी नाहीं, तो घेणेकरीही आहे. तें कसें, हें पुढें येईलच.

प्रथम साधा हिशोब पाहूं. समजा, एका खात्यावर साठ रुपयांची बाकी आहे. नोटीस लिहावयाची, ती बजावण्यास कोतवालानें जावयाचें, खातेदार घरीं नसला तर पुन्हां जावयाचें. मग जप्तीचा हुकूम, पंचनामा, जप्त मालाची राखण, लिलावाची दवंडी. यांत दोघांतिघांचे मिळून दोन दिवस जरी गेले, तरी त्यांच्या पगाराचा वांटा साठ रुपयांच्या कितीतरी पुढें जातो. कांहीं खर्च बाकीदाराच्या माथीं घालतां येतो हें खरें. पण तसें केल्यानें देणें वाढतें, देण्याची ताकद वाढत नाहीं. तेव्हां नुसत्या एका खात्याचा जमाखर्च पाहिला, तर लहान बाकीचा सक्तीनें वसूल हा तोट्याचाच धंदा होय.

परंतु सक्तीचें समर्थन एका खात्याच्या हिशोबावर कधींच केलें जात नाहीं. तें धाकाच्या हिशोबावर केलें जातें. ही धाकाचीं हत्यारें जुनींच आहेत. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानें मागणीची नोटीस, बाकीच्या चौथाईपर्यंत दंड, जंगम मालाची जप्ती, जमीन सरकारजमा करणें, स्थावराची विक्री आणि बाकीदारास अटक व कैद, असे उपाय अंमलदारांच्या हातीं दिले. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमांतही हे उपाय बहुतांशीं कायम राहिले. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. 1875 सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले आणि त्यानंतर 1879 सालींच दख्खन शेतकरी साह्य कायदा झाला. तो सातारा जिल्ह्यास, म्हणजे त्यांत तेव्हां मोडणाऱ्या आपल्या वाळवे तालुक्यासही लागू होता. पैशाच्या हुकुमनाम्यापायीं शेतकऱ्यास कैदेंत टाकण्याचा सावकाराचा मार्ग त्यानें बंद केला. मात्र त्याच सालच्या महसूल कायद्यांत सरकारनें तो मार्ग स्वतःसाठीं उघडा ठेविला. सावकाराच्या हातीं जें शस्त्र अन्यायाचें ठरलें, तें सरकारच्या हातीं न्यायाचें ठरावयाचें असेल, तर मागणी रास्त पाहिजे आणि बाकीदार देण्यास समर्थ पाहिजे. सर्व वादाची किल्ली या दोन अटींत आहे.

मागणी रास्त नसली म्हणजे काय होतें, याचा दाखला तेव्हांच्या मुंबई इलाख्यांतील बारडोली तालुक्याचा. तेथें साऱ्यांत सुमारें शेंकडा 22 वाढ ठरली आणि फेब्रुवारी 1928 पासून रयतेनें वल्लभभाई पटेलांच्या पुढारपणाखालीं भरणा थांबविला. वाढीची रक्कम सालीना लाखाच्या घरांतली. तेवढ्यासाठीं जप्तीचीं पथकें आलीं, पठाण नेमले गेले, दारांतल्या म्हशी ओढून नेल्या, जमिनी सरकारजमा करण्याच्या नोटिसा लागल्या आणि कित्येक गांवकामगारांनीं राजीनामे दिले. ऑगस्टमध्यें तडजोड झाली. पुढें ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या सरकारच्याच अधिकाऱ्यांनीं चौकशी केली, तींत शेंकडा 6 च्या सुमाराचीच वाढ योग्य ठरली. म्हणजे जिच्यासाठीं हा खटाटोप झाला, त्या रकमेचा बराच मोठा भाग मुळांत येणें नव्हताच.

बाकीदार समर्थ नसला म्हणजे काय होतें, याचा दाखला त्याआधीं दहा वर्षांचा, खेडा जिल्ह्याचा. 1917-18 सालीं तेथें पीक बुडालें. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आलें तर साऱ्याची पूर्ण तहकुबी मागतां येत असे, आणि हा नियम सरकारचाच होता. रयत म्हणे पीक चार आण्यांच्या आंत आहे, अंमलदार म्हणत अधिक आहे. मार्च 1918 मध्यें महात्मा गांधींच्या सांगण्यावरून सारा न देण्याच्या प्रतिज्ञा झाल्या. जनावरें व चीजवस्तु जप्त झाल्या, कांहीं ठिकाणीं उभीं पिकेंही जप्त झालीं. आणि अखेर तंटा मिटला तो कशावर? सधन पाटीदारांनीं सारा भरावा, गरिबांस तहकुबी मिळेल, यावर! हीच निवड हंगामाच्या आरंभीं केली असती, तर सरकारचा खर्च वांचला असता आणि रयतेचीं गुरेंही वांचलीं असतीं.

स्वराज्य आल्यावरही हा प्रश्न संपला नाहीं. सारा किंवा तगाई थकली म्हणून जप्त झालेल्या कित्येक जमिनी ‘आकारी पड’ या नांवानें सरकारच्या खातीं पडून राहिल्या. सरकारनेंच लिलावांत नाममात्र बोलीनें घेतलेली जमीन बारा वर्षांच्या आंत बाकी भरून परत मागण्याची सोय अधिनियमाच्या 220 व्या कलमांत होती. मुदत टळली कीं मार्ग खुंटला. जानेवारी 2025 मध्यें राज्य मंत्रिमंडळानें या तरतुदींत सुधारणा करून, चालू बाजारभावाच्या शेंकडा 5 रक्कम घेऊन, अशा जमिनी मूळ खातेदारांस अथवा त्यांच्या वारसांस परत देण्याचें ठरविलें. त्या वेळीं असे खातेदार साडेनऊशेंच्या वर व क्षेत्र 4,800 एकरांहून अधिक असल्याचें सांगण्यांत आलें. विचार करण्याजोगी गोष्ट आहे. मूळ बाकी किरकोळ. पण तिच्यापायीं जमीन ना धड सरकारच्या उपयोगाची, ना धड कुळाच्या. ज्याच्या नांवावर जमीन नाहीं त्यास विहिरीसाठीं कर्ज कोण देणार? इतक्या वर्षांनीं सरकारास जें करावें लागलें, तें आरंभीं हप्ते बांधून देऊन झालें नसतें काय?

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग वसूल सोडूनच द्यावा. आमचें मत तसें मुळींच नाहीं, आणि शेतकरी घेणेकरी कसा तें आतां पाहूं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊस पोंचल्यापासून 14 दिवसांच्या आंत कारखान्यानें त्याचा रास्त व किफायतशीर दर चुकता करावयाचा. विलंब केल्यास सालीना शेंकडा 15 व्याज लागतें. तरीही कारखान्यानें पैसे अडकविले, तर साखर आयुक्त वसुलीचा दाखला काढतात आणि ती रक्कम जिल्हाधिकाऱ्यानें जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करावयाची असते. म्हणजे वाळव्याच्या ऊसवाल्याचें घामाचें दाम ज्या काठीच्या धाकानें हातीं येतें, ती काठी याच कायद्याची आहे. ती मोडून टाकावी असें म्हणणाऱ्यानें आपल्या ऊसबिलाची आठवण ठेवावी.

दुसरें असें कीं, कांहीं येणीं बुडालीं म्हणजे तीं शेजाऱ्याच्याच शेतावर बुडतात. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा योजनांचें पाणी विजेवर चढतें. त्या विजेचा शेंकडा 81 भार सरकारनें उचलावा व 19 लाभधारकांनीं द्यावा, असें ठरविण्यांत आलें. परंतु बिलाची थकबाकी सांचून म्हैसाळचे पंप ऐन उन्हाळ्यांत बंद राहिल्याचे प्रसंगही सांगली जिल्ह्यानें पाहिले आहेत. ज्यानें पट्टी वेळेवर भरली, त्याचेंही पीक अशा वेळीं न भरणाऱ्याच्या पिकाबरोबर वाळतें. येथें वसूल न करणें ही दया नव्हे. तो भरणाऱ्यावर अन्याय होय.

मग मार्ग कोणता? ऊसाच्या बिलांतून पाणीपट्टी कापून कारखान्यामार्फत भरण्याची वहिवाट आपल्याकडे आहे. तींत नोटीस नाहीं, जप्ती नाहीं, कोतवालाचा हेलपाटा नाहीं. पैसा जेथें हातीं येतो तेथेंच देणें फिटतें. वसुलाची याहून स्वस्त तऱ्हा आम्हांस ठाऊक नाहीं. मात्र कपात कोणत्या गटाची, किती क्षेत्राची व कोणत्या हंगामाची, हें बिलावर स्पष्ट लिहिलें पाहिजे; नाहीं तर स्वस्त वसूल हाच आंधळा वसूल होईल. ज्वारी, हरभरा, द्राक्षें यांस असा एकच दरवाजा नाहीं. म्हणून त्यांच्या पट्टीची मुदत कचेरीच्या वर्षअखेरीवर न बांधतां माल विकला जाण्याच्या काळावर बांधावी.

सारांश, आमचें म्हणणें असें. ज्या बाकीचा वसूल बाकीपेक्षां महाग पडतो ती सक्तीनें न मागतां पुढील सालच्या मागणींत मिळवावी. पीक बुडालेल्यास तहकुबी त्यानें दारोदार न फिरतां मिळावी. जो समर्थ असूनही देत नाहीं, मग तो बडा खातेदार असो वा कारखाना, त्याच्यावर मात्र सरकारनें खर्चाकडे न पाहतां कायदा चालवावा. कारण त्या एका वसुलानें शंभर जण आपण होऊन भरतात. आणि जमीन सरकारजमा करणें हा अगदीं शेवटचा उपाय समजावा, कारण जमीन गेली म्हणजे देणारा हातच गेला.

शेतकरी बंधूंसही दोन शब्द. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी व जपावी. गांव नमुना 8-ब मध्यें आपल्या खात्याची मागणी, वसूल व बाकी लिहिलेली असते; ती वर्षांतून एकदां तलाठ्याकडे, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, जाऊन वाचून घ्यावी व चूक असल्यास लेखी हरकत द्यावी. पीक गेलें असेल तर नोटीस येण्याची वाट न पाहतां अर्ज करावा. आपला कागद ज्याच्या हातीं तयार असतो, त्याच्याकडून चुकीची मागणी वसूल करणें कोणत्याही कचेरीस सोपें जात नाहीं.