१२ वर्षांत १० वेळा चॅम्पियन! अमेरिकेतल्या एका कॉलेज संघाला जे जमलं, ते शिंदखेड्यात का जमत नाही?

१९६४ ते १९७५ या बारा वर्षांत अमेरिकेतली कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा बारा वेळा झाली आणि त्यातली दहा विजेतेपदं एकाच संघानं नेली. हा संघ लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, म्हणजे यूसीएलएचा. त्यातही १९६७ ते १९७३ अशी सलग सात वर्षं चषक दुसऱ्या कुणाच्या हाती लागलाच नाही.

आपल्याकडे कॉलेजचे संघ खेळत नाहीत असं नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये दरवर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात. शिंदखेडा, दोंडाईचासारख्या गावांतली मुलंमुली त्यात उतरतात, जिंकतात, हरतात. पण 'आपल्या कॉलेजनं कोणत्या साली काय जिंकलं' असं विचारलं तर धड सांगणारा क्वचितच भेटतो. हा प्रश्न ताकदीचा आहे की पद्धतीचा? उत्तर शोधण्यासाठी आधी यूसीएलएचं काय झालं ते पाहू आणि मग शिंदखेड्याला येऊ.

कॉलेजच्या खेळाचा इतिहास म्हणजे नेमकं काय?

बास्केटबॉलचा जन्मच शिक्षणसंस्थेत झाला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड इथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नाइस्मिथ या शिक्षकानं हा खेळ शोधला. थंडीत बाहेर खेळता येत नाही म्हणून पीचच्या दोन टोपल्या भिंतीला टांगल्या आणि मुलांना चेंडू दिला.

पुढे १८९८ मध्ये नाइस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तिथे संघ उभा केला. गंमत अशी की, खेळाच्या या जनकाचा प्रशिक्षक म्हणून हिशेब ५५ विजय आणि ६० पराभव असा आहे. मात्र त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या फॉग ॲलन यांनी ३९ हंगाम कॅन्ससचा संघ सांभाळला आणि १९५२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्यानंतर १९८८, २००८ आणि २०२२ मध्येही कॅन्सस जिंकलं.

म्हणजे एका पिढीनं खेळ रुजवला, दुसरीनं तो वाढवला आणि तिसरीनं त्याची फळं खाल्ली. खेळाडू चार वर्षांत निघून जातात, पण प्रशिक्षक, मैदान, सरावाची पद्धत आणि जुन्या सामन्यांच्या नोंदी मागे राहतात. या मागे राहणाऱ्या गोष्टींवरच पुढची विजेतेपदं उभी राहतात.

यूसीएलएला पहिलं विजेतेपद कधी मिळालं?

जॉन वूडन १९४८ मध्ये यूसीएलएचे प्रशिक्षक झाले. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९६४ मध्ये, म्हणजे त्यांच्या सोळाव्या हंगामात. अंतिम चार संघांत पोचायलाही १९६२ उजाडलं होतं.

सोयी फार होत्या असंही नाही. सराव एका जुन्या व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर चाले. त्याच जागेत कुस्तीगीर आणि जिम्नॅस्टही सराव करत. सरावाआधी वूडन स्वतः फरशी पुसायला उभे राहत. ही इमारत गर्दीसाठी सुरक्षित नाही असं ठरल्यावर संघाचे सामने शहरातल्या दुसऱ्या मैदानांवर होऊ लागले. १९६४ आणि १९६५ ची विजेतेपदं या संघानं स्वतःचं धड मैदान नसताना जिंकली.

१९६४ च्या संघात सुरुवातीला उतरणाऱ्या पाच जणांत सहा फूट पाच इंचांपेक्षा उंच कुणीही नव्हतं. या खेळाच्या मानानं हा संघ बुटकाच. वूडन यांनी उंचीची उणीव वेगानं भरून काढली. समोरच्या संघाकडे चेंडू जाताच त्याला त्याच्याच अर्ध्या भागात घेरायचं आणि चुका करायला लावायच्या, हा त्यांचा डाव होता. त्या हंगामात संघ ३० सामने खेळला आणि तिसांतले तीस जिंकला.

मग पुढची विजेतेपदं कशी आली?

एक चषक आला की पुढचं थोडं सोपं होतं. १९६५ मध्ये संघाला नवं बंदिस्त मैदान मिळालं. त्याच वर्षी न्यूयॉर्कहून सात फूट दोन इंच उंचीचा एक मुलगा शिकायला आला. त्याचं नाव लू अल्सिंडॉर, पुढे जगानं त्याला करीम अब्दुल-जब्बार म्हणून ओळखलं. तेव्हाच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे. पण पहिल्या वर्षाच्या मुलांनी एका आपसातल्या सामन्यात आपल्याच गतविजेत्या मुख्य संघाला ७५–६० असं हरवलं! अल्सिंडॉर मुख्य संघात आला आणि १९६७, ६८, ६९ अशी तिन्ही वर्षं यूसीएलए जिंकलं.

त्यानंतर बिल वॉल्टन आला. १९७३ च्या अंतिम सामन्यात त्यानं बास्केटच्या दिशेनं २२ वेळा चेंडू टाकला आणि त्यातले २१ आत गेले. जानेवारी १९७१ ते जानेवारी १९७४ या काळात संघानं सलग ८८ सामने जिंकले.

मग हे सगळं उंच, गुणी मुलांमुळेच झालं का? १९७४–७५ च्या हंगामात दोन संशोधकांनी वूडन यांच्या सरावाला बसून प्रशिक्षकाचं प्रत्येक बोलणं टिपलं. २,३२६ नोंदी झाल्या. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश नोंदी निव्वळ माहितीच्या होत्या: पाय कुठे ठेव, चेंडू कधी सोड, कुणाकडे बघ. कौतुक आणि रागावणं त्या मानानं फारच कमी. सरावाचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक वूडन आधी लिहून काढत आणि ते कागद जपून ठेवत. मागच्या वर्षी याच आठवड्यात काय घेतलं होतं, हे त्यांना त्यामुळे पाहता येई.

१९७५ मध्ये वूडन निवृत्त झाले. त्यानंतर २०२५ पर्यंतच्या पन्नास वर्षांत यूसीएलएच्या पुरुष संघाला फक्त एकदा, १९९५ मध्ये, राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. विद्यापीठ तेच, मैदान तेच आणि नाव तर आधीपेक्षा मोठं. तरीही घडी एकदा विस्कटली की पुन्हा बसवणं किती अवघड असतं, ते यावरून कळतं.

हे सगळं स्वच्छ होतं का?

पूर्णपणे नाही. लॉस एंजेलिसमधला एक श्रीमंत बांधकाम व्यावसायिक अनेक वर्षं खेळाडूंना नियमबाह्य मदत करत होता, असं पुढे उघड झालं. १९८१ मध्ये यूसीएलएवर कारवाई झाली आणि १९८० चं उपविजेतेपद नोंदींतून काढण्यात आलं. वूडन यांच्या काळातली विजेतेपदं मात्र कायम राहिली. यशाभोवती पैसा जमतो आणि पैशाबरोबर वाकड्या वाटाही येतात, हा या इतिहासाचाच भाग आहे.

महाराष्ट्रात असं सातत्य कुठे दिसलं?

मुंबईतल्या नागपाड्यात. ते कॉलेज नव्हे, दाट वस्तीचा मोहल्ला आहे. १९२७ मध्ये अमेरिकन मराठी मिशननं तिथे 'नागपाडा नेबरहुड हाऊस' सुरू केलं. वस्तीत बास्केटबॉल रुजला, मोठी पोरं लहानांना शिकवू लागली आणि संध्याकाळी मैदानावर जाणं ही सवयच झाली. भारताचे कर्णधार झालेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे. पैसा बेताचा होता, पण मैदान रोज भरत होतं.

शिंदखेड्याच्या खेळाडूची वाट कशी असते?

आता आपल्याकडे येऊ. शिंदखेडा तालुक्यातल्या कॉलेजची मुलगी बास्केटबॉल खेळते असं समजा. आधी कॉलेजचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो. तिथे चमकलेल्या खेळाडूंमधून, निवड चाचणी घेऊन, विद्यापीठाचा बारा जणींचा संघ निवडतात. जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ हे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचं. या संघात निवड झाली की ती विद्यापीठाची 'कलर होल्डर' होते.

विद्यापीठाचा संघ पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला पात्र ठरतात. याशिवाय राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव असतो आणि २०२० पासून 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धाही सुरू झाल्या आहेत.

१९९० पर्यंत ही वाट आणखी अरुंद होती. १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू होण्याआधी खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठात होती. त्याच बारा जागांसाठी पुणे, नाशिक आणि नगरच्या खेळाडूंशीही चढाओढ करावी लागे. स्वतःचं विद्यापीठ मिळालं आणि खानदेशी मुलांना दार जवळ आलं.

मग इतिहास तुटतो कुठे?

तीन ठिकाणी.

पहिलं, संघ बदलतो. अमेरिकेत यूसीएलए हा संघ तालीमही यूसीएलए म्हणून करतो आणि राष्ट्रीय विजेतेपदही त्याच नावानं जिंकतो. आपल्याकडे कॉलेजचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपाशी थांबतो. पुढे वेगवेगळ्या कॉलेजांचे खेळाडू काही दिवसांच्या शिबिरात एकत्र येतात, विद्यापीठासाठी खेळतात आणि पांगतात. देशातला मौलाना अबुल कलाम आझाद चषकही विद्यापीठालाच मिळतो, कॉलेजला नाही.

दुसरं, हंगाम फार छोटा. यूसीएलएनं १९६४ मध्ये एका हंगामात ३० सामने खेळले. आपल्याकडे बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या. पहिल्याच सामन्यात हरलात की वर्ष संपलं. इतक्या कमी सामन्यांत कुणी शिकायचं किती?

तिसरं, नोंद राहत नाही. प्रमाणपत्र खेळाडूच्या फाइलीत जातं आणि चषक कपाटात. कोण खेळलं, किती गुणांनी जिंकलं, हरलो तर का हरलो, हे पुढच्या वर्षीच्या मुलांना ठाऊकच नसतं. दरवर्षी नव्यानं श्रीगणेशा!

खेळाडूच्या दृष्टीनं यात बरंच काही पणाला लागलेलं असतं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवत्ताधारक खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी ठरलेल्या पातळीवरची कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. ज्या कॉलेजचं रेकॉर्ड नीट, तिथल्या मुलांची धावपळ कमी.

तालुक्याच्या कॉलेजला काय करता येईल?

अखिल भारतीय चषक कॉलेजच्या हातात नाही. पण आंतरमहाविद्यालयीन विजेतेपद हे कॉलेजचं स्वतःचं असतं. तिथे सलग पाच-सात वर्षं नाव टिकवणं, हा तालुक्याच्या कॉलेजसाठी पक्का, मोजता येणारा इतिहास आहे.

त्यासाठी आपल्याकडे एक सोय अशी आहे, जी अमेरिकेतही नाही. अनेक ठिकाणी अकरावी-बारावी आणि पदवी एकाच आवारात असते. अकरावी-बारावीची मुलं १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांत खेळतात, नंतरची विद्यापीठाच्या स्पर्धांत. म्हणजे एकच मूल किमान पाच वर्षं एकाच मैदानावर राहू शकतं. दोन्हीकडच्या मुलांचा सराव एकत्र घेतला तर नागपाड्यासारखं मोठ्यांनी लहानांना शिकवणं आपोआप सुरू होईल.

सामने वाढवायलाही मोठा खर्च लागत नाही. शिंदखेडा सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. एका बाजूला दोंडाईचा आणि नंदुरबार, दुसऱ्या बाजूला नरडाणा, अमळनेर आणि जळगाव. या मार्गावरच्या कॉलेजांनी आपसात मैत्रीपूर्ण सामने ठरवले तर सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल.

मैदानाचा खर्च मात्र खरा आहे. बास्केटबॉलला २८ बाय १५ मीटरची पक्की जागा लागते, तर व्हॉलीबॉलला १८ बाय ९ मीटर पुरते. म्हणूनच खेडोपाडी व्हॉलीबॉल, कबड्डी, खो-खो जास्त दिसतात. तसं असेल तर बास्केटबॉलचाच हट्ट कशाला? कबड्डीचाही असाच इतिहास घडवता येतो, खो-खोचाही. पद्धत तीच.

आणि सगळ्यात स्वस्त काम म्हणजे जिमखान्यात एक रजिस्टर ठेवणं. साल, स्पर्धा, संघातली नावं, गुण, आणि पुढच्या वर्षी काय सुधारायचं याच्या दोन ओळी. जुने खेळाडू अजून गावात, तालुक्यात आहेत. त्यांना विचारून मागच्या वीस-तीस वर्षांच्या नोंदीही भरून काढता येतील. शारीरिक शिक्षण संचालक बदलले, मुलं पास होऊन गेली, तरी ते रजिस्टर कॉलेजातच राहील. नव्या वर्षीच्या मुलांना मग कुठून सुरुवात करायची ते कुणाला विचारावं लागणार नाही.