वाशीमचे नाव यादीत आहे!

2025 च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. नागपूरकरांनाही आनंद झालाच. पण त्याला थोडी हुरहूर चिकटलेली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकतो न टाकतो तोच वाशीमकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, त्या यादीत आमच्या वाशीमचे नाव कधी येणार?"

मी म्हटले, "अरे, ते 1983 सालीच आले आहे! तुला कोणी वाचून दाखवले नाही, इतकेच."

पोरे हसली. पण यात थट्टा नव्हती. भारतातली पहिली चार स्थळे त्या वर्षी यादीत आली : ताजमहाल, आग्र्याचा किल्ला, वेरूळ आणि अजिंठा. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याबाहेर एक शिलालेख आहे. हे लेणे वराहदेवाने भिक्षुसंघाला दान दिले, असे तो सांगतो. हा वराहदेव कोण? पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजेच आपले वाशीम!

वाकाटकांचे दुसरे घराणे तर नागपूरच्या अंगणातच नांदले. रामटेकजवळचे नगरधन म्हणजे त्यांचे नंदिवर्धन. चंद्रगुप्त विक्रमादित्याची मुलगी प्रभावतीगुप्ता या घराण्याची सून. पती निवर्तल्यावर मुले लहान, म्हणून राज्याचा गाडा तिनेच हाकला. हा सारा इतिहास ताम्रपटांतून आणि शिलालेखांतून जुळवला गेला. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे हे लेख संपादून 1963 साली ग्रंथरूपाने जगापुढे ठेवले.

आता ही यादी आली कशी, तेही पाहा. इजिप्तमध्ये आस्वान धरणाच्या पाण्यात अबू सिंबेलची प्राचीन मंदिरे बुडणार होती. 1964 ते 1968 या काळात अनेक देशांनी हातभार लावून ती कापून, उचलून उंचावर पुन्हा उभारली. एका देशाचे धन ही साऱ्या मानवजातीची ठेव आहे, हा विचार तिथे बळावला आणि 1972 साली युनेस्कोने त्याचा करार केला.

मान मिळाला म्हणजे राखण झाली, असे मात्र नव्हे. 1819 साली शिकारीच्या नादात अजिंठ्यापाशी आलेल्या जॉन स्मिथ या गोऱ्या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातल्या चित्रावरच आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. वराहदेवाने नाव कोरले ते देऊन. स्मिथने कोरले ते बिघडवून. आजही जुन्या देवळांच्या भिंतींवर बदामात कोरलेली नावे दिसतात, तेव्हा या स्मिथचे गोत्र आपल्यात किती फोफावले आहे ते कळते.

रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातला वाकाटककालीन शिलालेख कित्येक वर्षे गिलाव्याखाली दडलेला होता. गिलावा निघाला तेव्हा तो उजेडात आला. तोही गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत! असे आणखी किती लेख झाकलेले असतील?

तेव्हा वाचकहो, या दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन रामटेकला जा. रामाचे दर्शन घ्याच, पण नरसिंहाच्या देवळातही दोन घटका थांबा आणि येताना नगरधनला वळा. मुलांना प्रभावतीची गोष्ट सांगा. युनेस्कोची माणसे पाहणी करून परत जातात. भिंतीवर खिळा फिरवणाऱ्या पोराचा हात धरायला मात्र घरचेच माणूस लागते.