ब्रिटनची सहल : आराखडा आधी, आरक्षण नंतर

चंडीगढच्या सेक्टर १७ मधील विस्तीर्ण चौक केवळ पादचाऱ्यांसाठी राखलेला आहे. सभोवार एकसारख्या उंचीच्या काँक्रीटच्या इमारती, खाली दुकाने, वर कचेऱ्या, आणि जवळच ‘बँक स्क्वेअर’ या नावाने ओळखला जाणारा परिसर. अनेक राष्ट्रीयीकृत बँकांची कार्यालये येथे एकमेकींच्या शेजारी उभी आहेत. ल कॉर्बुझिए यांनी आखलेल्या या शहराच्या उभारणीत मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या ब्रिटिश वास्तुविशारद दांपत्याचाही वाटा होता. १९५१ पासून सुमारे तीन वर्षे येथे राहून त्यांनी घरे, शाळा आणि दवाखाने यांचे आराखडे तयार केले.

आज प्रवासाची दिशा उलटी झाली आहे. पंजाबातील असंख्य कुटुंबांचे आप्त साउथहॉल, बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन येथे स्थायिक आहेत. बदलीच्या निमित्ताने चंडीगढला आलेल्या मराठी कुटुंबांची मुले-मुलीही शिक्षणासाठी वा नोकरीसाठी लंडन-मँचेस्टरकडे असतात. नातवाचे बारसे, मुलीचा पदवीदान समारंभ किंवा निवृत्तीनंतरची हौसेची सहल अशा एखाद्या निमित्ताने ब्रिटनला जाण्याचा बेत ठरतो. बेत ठरताच पावले वळतात ती बहुधा तिकिटाच्या चौकशीकडे अथवा व्हिसा मिळवून देणाऱ्या मध्यस्थाकडे. वस्तुतः या सहलीची पहिली पायरी आहे ती प्रवाशाचे स्वतःचे बँक खाते.

केव्हा जावे?

लंडनमध्ये जून महिन्यात सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरात दुपारी चारच्या आतच अंधारून येते. त्याच खर्चात उन्हाळ्यात दिवसाला दुप्पट उजेड लाभतो. ब्रिटनमधील शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत असते. त्या काळात विमानभाडे आणि हॉटेलांचे दर दोन्ही चढतात. मेच्या मध्यापासून जुलैच्या पूर्वार्धापर्यंतचा काळ त्या मानाने सोयीचा, आणि तो आपल्याकडील शाळांच्या सुट्टीशीही बराचसा जुळतो.

तेथील ‘बँक हॉलिडे’ कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवावेत. बँकांच्या मंडळींना हा शब्द आपलासा वाटावा असा त्याचा इतिहास आहे. सर जॉन लबक हे व्यवसायाने बँकर आणि ब्रिटिश संसदेचे सदस्य होते. त्यांच्या पुढाकाराने १८७१ साली बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा झाला आणि पुढे बँकांची सुट्टी हीच साऱ्या देशाची सुट्टी बनली. मे महिन्यातील पहिला व शेवटचा सोमवार आणि इंग्लंड-वेल्समध्ये ऑगस्टचा शेवटचा सोमवार हे असे दिवस होत. त्यांना जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी प्रवासाची गर्दी उसळते. २५ डिसेंबर रोजी तर लंडनमधील भुयारी रेल्वे आणि बसगाड्या पूर्णपणे बंद असतात.

खाते हाच पहिला साक्षीदार

भारतीय नागरिकास ब्रिटनच्या सहलीसाठी ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ प्रकारचा व्हिसा घ्यावा लागतो. त्यावर एका वेळी सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येते. सहा महिन्यांच्या व्हिसाचे शुल्क ९ एप्रिल २०२५ रोजी १२७ पौंड करण्यात आले. हे शुल्क वेळोवेळी वाढते, म्हणून अर्जाच्या दिवशी ब्रिटिश शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्याची खात्री करावी. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि बोटांचे ठसे दिल्यानंतर निर्णयास साधारणपणे तीन आठवडे लागतात.

‘खात्यात किती रक्कम हवी?’ हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. ब्रिटिश नियमांत असा कोणताही ठरावीक आकडा नाही. अर्जदाराचे उत्पन्न, त्याचा नेहमीचा खर्च, सहलीचा अपेक्षित खर्च आणि मायदेशी परतण्याची कारणे यांचा परस्परांशी मेळ बसतो की नाही, हे तेथील अधिकारी पाहतात. दरमहा पंचेचाळीस हजार रुपये निवृत्तिवेतन जमा होणाऱ्या खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक आठ लाख रुपये आले, तर ते सामर्थ्याचे लक्षण न ठरता संशयाचे कारण ठरतात. तीच रक्कम मुदत ठेव मोडून अथवा जमीन विकून आली असेल, तर ठेवीची पावती किंवा विक्रीचा दस्तऐवज सोबत जोडावा, म्हणजे शंकेला जागा राहत नाही.

सहा महिन्यांचा खातेउतारा, निवृत्तिवेतनाचा आदेश वा वेतनचिठ्ठ्या, आयकर विवरणपत्रे, रजा मंजुरीचे पत्र आणि घराच्या मालकीची कागदपत्रे हा संच उपयोगी पडतो. खर्च मुलगा वा मुलगी करणार असल्यास त्यांचे पत्र, खातेउतारा आणि तेथील वास्तव्याच्या परवान्याचा पुरावा जोडावा. सातबारा उतारा, मराठीतील खरेदीखत किंवा ग्रामपंचायतीचा दाखला मूळ भाषेत देऊन भागत नाही. सोबत इंग्रजी भाषांतर लागते. ते अचूक असल्याची भाषांतरकाराची ग्वाही, दिनांक, पूर्ण नाव, स्वाक्षरी आणि संपर्काचा तपशील त्यावर असावा लागतो.

शासकीय सेवेतील व राष्ट्रीयीकृत बँकांतील कर्मचाऱ्यांना परदेशप्रवासासाठी कार्यालयाची पूर्वपरवानगी आवश्यक असते. शिवाय रजा प्रवास सवलतीत परदेशाचा टप्पा गुंफला, तर त्या रकमेवर करसवलत मिळत नाही. स्टेट बँकेच्या कर्मचाऱ्यांशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

मध्यस्थाची मर्यादा

चंडीगढ परिसरात व्हिसा सल्लागारांच्या पाट्या पावलोपावली दिसतात. त्यांतील अनेक जण प्रामाणिकपणे अर्ज भरण्यास साहाय्य करतात. तथापि फसवणुकीचे प्रकारही इतके घडले, की पंजाब राज्याला प्रवास-व्यावसायिकांच्या नियमनासाठी २०१२ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. कोणताही सल्लागार व्हिसाची हमी देऊ शकत नाही. अर्ज स्वीकारणारे केंद्रही केवळ कागदपत्रे व बोटांचे ठसे घेते. निर्णय ब्रिटिश शासनाचे अधिकारीच करतात.

‘खात्यात थोडे दिवस पैसे ठेवून देऊ’ किंवा ‘उताऱ्याची व्यवस्था आम्ही करू’ अशी सूचना जेथे होईल, तेथून तत्काळ उठावे. अर्जात खोटी माहिती वा बनावट कागद आढळल्यास व्हिसा नाकारला जातोच, शिवाय दहा वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. पंचविशीतील तरुण दहा वर्षे थांबू शकेल. पासष्टाव्या वर्षी नातवंड पाहण्यासाठी निघालेल्या आजी-आजोबांसाठी मात्र ही बंदी म्हणजे त्या नातवंडाचे सारे बालपण हुकणे होय. सल्लागाराने भरलेल्या अर्जाचीही जबाबदारी अर्जदाराचीच असते. म्हणून अर्जातील प्रत्येक ओळ स्वतः वाचावी, मगच तो पाठवावा.

प्रामाणिक अर्जही कधी कधी नाकारला जातो. कुटुंबीयांना भेटण्यासाठी जाणाऱ्यांना पूर्वी अपिलाचा पूर्ण अधिकार होता. तो २५ जून २०१३ पासून संपुष्टात आला. त्यामुळे सामान्यतः नकाराची कारणे दूर करून नवे शुल्क भरून पुन्हा अर्ज करणे हाच मार्ग उरतो. साहजिकच व्हिसा हाती येण्यापूर्वी परतावा न मिळणारे तिकीट काढणे इष्ट नव्हे. ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्यासाठी शेंगेन व्हिसा वेगळा घ्यावा लागतो.

पौंडांची तजवीज

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००४ मध्ये उदारीकृत प्रेषण योजना सुरू केली, तेव्हा मर्यादा वार्षिक २५,००० डॉलर होती. आज ती प्रतिव्यक्ती, प्रत्येक आर्थिक वर्षासाठी अडीच लाख डॉलर आहे. सहलीसाठी घेतलेले परकीय चलन याच मर्यादेत मोजले जाते. ब्रिटनच्या प्रत्येक भेटीसाठी रोख नोटा ३,००० डॉलर मूल्यापर्यंत नेता येतात. उर्वरित रक्कम कार्डावर घ्यावी. चलनखरेदीचे पन्नास हजार रुपयांपर्यंतचेच पैसे रोखीने देता येतात. त्याहून अधिक रकमेसाठी चेक वा खात्यातून वर्गावट हवी. परतल्यावर उरलेल्या नोटा १८० दिवसांत बँकेस परत कराव्यात. २,००० डॉलर मूल्यापर्यंतचे चलन मात्र स्वतःजवळ ठेवता येते.

या योजनेखाली वर्षभरात पाठविलेली अथवा घेतलेली रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की बँक मुळातच कर गोळा करते. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून सात लाखांवरून दहा लाख रुपये झाली. प्रवासी कंपनीच्या संपूर्ण सहलीसाठी या कराचे नियम निराळे आहेत आणि अर्थसंकल्पागणिक दर बदलतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी शाखेत विचारणा करावी. हा कर म्हणजे वाया गेलेला खर्च नव्हे. आयकर विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते. पगारदार व्यक्तीस तो वेतनातून होणाऱ्या करकपातीत समायोजित करून घेण्याची सोय ऑक्टोबर २०२४ पासून झाली आहे.

कार्डाबाबत दोन गोष्टी महत्त्वाच्या. १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डे प्रथमतः देशांतर्गत वापरापुरतीच चालू असतात. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः सुरू करून घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट, तेथील दुकानातील यंत्र ‘रुपयांत की पौंडांत?’ असे विचारते, तेव्हा पौंड निवडावेत. रुपयांचा पर्याय सोयीचा भासतो, पण त्यात विनिमयाचा दर बहुधा महाग पडतो. कार्डावरील परकीय चलन आकारणी साडेतीन टक्के असेल, तर १,००० पौंडांच्या खरेदीवर ३५ पौंड केवळ आकारणीतच जातात. निरनिराळ्या कार्डांचे दर निघण्यापूर्वीच ताडून पाहावेत.

जुन्या प्रवासातून जपून ठेवलेले पौंड घरात असल्यास तेही तपासावेत. जुने गोल एक पौंडी नाणे ऑक्टोबर २०१७ मध्ये चलनातून बाद झाले. बँक ऑफ इंग्लंडच्या २० व ५० पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत. मात्र त्या बँक ऑफ इंग्लंडकडे बदलून मिळतात.

आजारपण आणि सामान

ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा तेथील रहिवाशांना मोफत असली, तरी पाहुण्यांना नाही. तातडीच्या विभागातील प्राथमिक उपचारांचे पैसे घेतले जात नाहीत. पण रुग्णालयात दाखल करून घेतल्यास नियत दराच्या दीडपट आकारणी होते. ५०० पौंडांहून अधिक देणे थकले, तर पुढील व्हिसा अडू शकतो. रक्तदाब, मधुमेह असे जुने आजार लपवून काढलेला विमा ऐनवेळी उपयोगाचा नसतो. विम्याच्या अर्जात ते स्पष्ट नमूद करावेत आणि औषधांसोबत डॉक्टरांचे पत्र ठेवावे.

मुलांसाठी खाऊ नेण्याचा मोह आवरणे कठीण! तथापि भारतातून मांस, दूध आणि दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे. पेढे, बर्फी, श्रीखंड आणि घरचे तूप विमानतळावरच काढून घेतले जाईल.

तेथे गेल्यावर

लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे स्वीकारले जात नाहीत. बँकेचे स्पर्शाने चालणारे कार्ड किंवा ‘ऑयस्टर’ कार्ड लागते, आणि तेही प्रत्येक प्रौढ प्रवाशाचे स्वतंत्र. भुयारी रेल्वेत आत शिरताना जे कार्ड टेकवले, तेच बाहेर पडताना टेकवावे. अन्यथा जादा आकारणी होते. लांबच्या रेल्वेप्रवासाची सवलतीची तिकिटे साधारण बारा आठवडे आधी खुली होतात. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम येथील कायम दालनांना प्रवेशशुल्क नाही. पाहुण्यांना खरेदीवरील कराचा परतावा मिळत असल्याचे जुन्या पुस्तकांत वाचावयास मिळते. ती सवलत १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये बंद झाली आहे.

मराठी प्रवाशाने नेहमीच्या स्थळांबरोबर आणखी काही ठिकाणांसाठी एखादा दिवस राखावा. १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५ साली विकत घेऊन तेथे स्मारक उभारले. १०, हॉवली प्लेस येथे लोकमान्य टिळकांच्या १९१८-१९ मधील वास्तव्याची निळी पाटी आहे. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिल भागात आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील, शिवाजी महाराजांशी नाते सांगितली जाणारी वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात आणण्यात आली. त्यांच्यासाठी जाणाऱ्याने आधी चौकशी करावी.

क्रम असा असावा

सहा महिने आधी पारपत्राची मुदत पाहावी आणि खात्यातील व्यवहार स्वच्छ व सुसंगत ठेवावेत. तीन महिने आधी व्हिसाचा अर्ज करावा. व्हिसा मिळाल्यावर तिकीट, निवास आणि विमा यांची व्यवस्था करावी. शेवटच्या पंधरवड्यात परकीय चलन घ्यावे, कार्डाचा परदेशी वापर सुरू करावा आणि शाखेत नोंदविलेला भ्रमणध्वनी क्रमांक परदेशात चालू राहील याची खात्री करावी. एकदा वापरायचा सांकेतिक क्रमांक त्यावरच येतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा आपल्याकडील जुना व्यवहार. व्हिसा अधिकारीही दूर देशी बसून तेच पाहत असतो. महिनोन् महिने नियमितपणे चालविलेले साधे बचत खाते त्याला जे सांगते, ते आदल्या आठवड्यात उसनी आणलेली लाखोंची रक्कम सांगू शकत नाही.